वस्तऱ्याचं टोक

आज मी तुमच्याशी गार्डन रीचमधून बोलतोय. कोलकात्याच्या नैर्ऋत्येला हुगळी नदी एक मोठं वळण घेते, त्या काठावरचा हा भाग. मुलगी आणि जावई इथं दक्षिण पूर्व रेल्वेत आहेत. त्यामुळे हिवाळ्याचे दोन महिने आम्ही दोघं पुणं सोडून इथं रेल्वेच्या वसाहतीत मुक्कामाला असतो.

या मालिकेत हत्यारं आणि अवजारं हा प्रांत माझ्याकडे आहे. दांडपट्टा झाला, कुकरी झाली, घोडदळाची तलवार झाली. आज वस्तरा. लष्करातून निवृत्त झालेल्या माणसानं वस्तऱ्यावर काय बोलायचं, असं घरात विचारून झालेलं आहे. माझं उत्तर असं, की माणूस स्वतःहून खुर्चीत बसतो, मान वर करतो, डोळे मिटतो आणि गळा पुढे करतो, असं हत्यार जगात हे एकच. तलवारीला हा मान नाही. त्यातही मी आज अख्ख्या वस्तऱ्यावर बोलणार नाही. फक्त त्याच्या टोकावर, आणि काही वस्तऱ्यांच्या टोकाशी जी एक लहानशी खाच असते, तिच्यावर.

आधी जागा सांगतो, कारण वस्तरे इथं का सापडतात ते त्यावरून कळेल. 1856 मध्ये इंग्रजांनी अवधचं राज्य खालसा केलं, तेव्हा नवाब वाजिद अली शाह लखनौ सोडून इथं मटियाबुर्जला येऊन राहिले. 1887 मध्ये इथंच वारले. त्यांची कबर सिब्तैनाबाद इमामबाड्यात आहे. त्यांच्या मागोमाग लखनौची अर्धी बाजारपेठच आली म्हणायची. शिवणकामासाठी मटियाबुर्ज आजही ओळखलं जातं. मग 1892 मध्ये शेजारी खिदिरपूरची गोदी झाली, पुढे इथली किंग जॉर्जेस डॉक, जिला आता नेताजी सुभाष डॉक म्हणतात. जहाजबांधणीचा कारखाना आहे, जिथं 1961 मध्ये आपली पहिली देशी बनावटीची युद्धनौका ‘अजय’ तयार झाली. आणि विदर्भातल्या मंडळींना बीएनआर आठवत असेल, बंगाल नागपूर रेल्वे. तिचं मुख्यालय इथंच होतं, तेच आज दक्षिण पूर्व रेल्वेचं आहे. गोदी आली की खलाशी येतात, रेल्वे आली की कामगार येतात, आणि हे सगळे आले की त्यांच्या दाढ्या वाढतात.

गोदीच्या भिंतीला लागून एका वडाखाली जे चाचा बसतात, ते बिहारमधून पोरवयात इथं आले. सलमानी समाजाचे. मुसलमानांमधल्या नाभिकांना उत्तरेत सलमानी म्हणतात, पैगंबरांचे सोबती सलमान फारसी यांच्या नावावरून. चाचांचं वय ऐंशीच्या घरात. आता त्यांच्याकडे एक लोखंडी खुर्ची आहे. पूर्वी गिऱ्हाईक विटेवर बसायचं. बंगालीत विटेला ‘इट’ म्हणतात, म्हणून कोलकात्यात अशा रस्त्यावरच्या दुकानाचं नाव ‘इटालियन सलून’. हा विनोद इथं इतका जुना आहे, की आता कोणी हसत नाही. मी हसलो, म्हणून चाचांनी ओळखलं की मी बाहेरचा. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर शेजारचा बंगाली चहावाला म्हणाला, ‘म्हणजे बर्गी!’ 1742 मध्ये मराठ्यांच्या भीतीनं या शहरानं भोवती खंदक खणायला घेतला होता. त्याच शहरात मी आता आठवड्यातून दोनदा वस्तऱ्याखाली मान देतो.

असो. टेबलावर तीन वस्तरे आहेत. पडद्यावर बघणाऱ्यांना दिसतील, पुस्तकात वाचणाऱ्यांसाठी शब्दांत सांगतो.

जुन्या वस्तऱ्याचं पातं आणि मूठ एका खिळ्यावर जोडलेली असतात. पातं मिटलं की मुठीच्या दोन पट्ट्यांमध्ये जाऊन बसतं. पात्याची एक बाजू धार, दुसरी जाड बाजू पाठ. धार साधारण सात सेंटीमीटर लांब. रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजायची चाल आहे. पाच अष्टमांश, म्हणजे सोळा मिलिमीटरच्या आसपास, हे नेहमीचं माप. खिळ्याच्या मागे एक वळलेली शेपूट बाहेर येते, ती दाबली की पातं उघडतं. काही वस्तऱ्यांच्या दांडीवर खालून बारीक आडव्या रेघा पाडलेल्या असतात, साबणाच्या हातातून बोट घसरू नये म्हणून.

आता टोक. धार आणि पाठ पुढे जाऊन जिथं संपतात ती कडा. तिच्यात पाठीकडे एक कोपरा आणि धारेकडे एक. पाठीकडचा कोपरा कसाही असला तरी कोणाला इजा करत नाही. खरा प्रश्न धारेकडच्या कोपऱ्याचा.

हा पहिला वस्तरा गोल टोकाचा. धार पुढे जाऊन गोलाईत वर चढते, कोपरा उरतच नाही. नवशिक्याच्या हाती द्यावा तो हा. कानाच्या पाळीशी, हनुवटीच्या वळणावर पातं थोडं तिरकं लागलं, तरी टोचत नाही. डोकं भादरायलाही गोल टोकच बरं, कारण कवटीवर सपाट जागा अशी नसतेच. आपल्याकडे या गोल टोकानं किती डोकी केली असतील! जावळापासून बाराव्या-तेराव्यापर्यंत. त्यात विधवांचीही. तो वस्तरा आपल्या इतिहासातून वगळून बोलणं मला जमत नाही. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. पोटावर पाय देऊन घेतलेला निर्णय होता तो. गोल टोक कातडी वाचवतं. बाकी काय वाचवायचं ते हातानं ठरवावं लागतं.

दुसरा वस्तरा चौकोनी टोकाचा. कडा सरळ, धारेशी काटकोन करून उभी, आणि कोपरा सुईसारखा. मिशीची कड, नाकाखालची खाचणी, कल्ल्याची खालची रेघ, अशी बारीक कामं याच्याकडे. ब्रिटिश सैन्यात 1916 पर्यंत वरचा ओठ भादरायला नियमानं मनाई होती, म्हणजे मिशी सक्तीची. सक्तीच्या मिशीची कड दररोज सरळ राखायची तर असा कोपरा हवाच. पण हाच कोपरा चावतो. वस्तरा धारेच्या आडव्या दिशेनं ओढायचा असतो, कातडीशी तीसेक अंशांचा किंवा त्याहून लहान कोन ठेवून. धारेच्या लांबीच्या दिशेनं केसभर जरी सरकला तरी कातडी चिरते. गालावर धारेचा बराच भाग टेकलेला असतो, त्यामुळे दाब वाटला जातो. ओठाच्या कोपऱ्यात मात्र सगळा दाब त्या एका बिंदूवर येतो. चिरा पडतात त्या बहुतेक अशा जागी.

म्हणून कारखान्यांनी आणि न्हाव्यांनी मधला मार्ग काढला. चौकोनी टोक ठेवायचं, पण कोपरा किंचित मारायचा. सुतार फळीचा कोपरा मारतो ना, तसा. डोळ्याला टोक चौकोनीच दिसतं, हाताला ते टोचत नाही. माझ्या मते सगळ्यांत शहाणं टोक हेच.

याखेरीज एक फ्रेंच टोक आहे. त्यात कडा पाठीकडून वळत खाली येते आणि धारेला अणकुचीदार कोपऱ्यात मिळते. म्हणजे धार पाठीपेक्षा लांब. बघायला फार देखणं, पण चावायला चौकोनीपेक्षा एक पाऊल पुढे. स्पॅनिश टोकात कडा आतल्या बाजूला खोलगट असते. आणि तिरपी कापलेली टोकं आहेत, आयरिश म्हणून ओळखली जाणारी आहेत. या देशांच्या नावांवर फार विसंबू नका. शेफील्डचा कारखानदार ज्याला एक नाव देई, त्याला सोलिंगेनचा दुसरं देई. आपल्याकडे बटाटा आणि पपनसाची नावं जिल्ह्यागणिक बदलतात, तसंच हे.

आता खाच. हा तिसरा वस्तरा माझा नाही, चाचांचा आहे. आजच्यापुरता मागून आणलाय. टोक गोलसर, आणि पाठीकडच्या कोपऱ्यात, जिथं पाठ संपून कडा सुरू होते तिथं, अर्धचंद्रासारखी एक खाच. करंगळीचं नख बसेल एवढी. इंग्रजीत हिला न्हाव्याची खाच याच अर्थाचं नाव आहे. ती कशासाठी यावर या व्यवसायातले लोक भांडतात. कोणी म्हणतं, दुसरा हात गिऱ्हाइकाच्या गालावर असताना बोटाचं टोक अडकवून एका हातानं पातं उघडायला. कोणी म्हणतं, नाकाखाली काम करताना तर्जनी टेकवायला. कोणी म्हणतं, काही नाही, नुसती शोभा.

मी चाचांनाच विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, वस्तरा उघडून दाखवला. अंगठ्यानं शेपूट दाबली, पातं बाहेर. खाचेला हातही लावला नाही. म्हणजे पहिलं कारण त्यांच्यापुरतं तरी गेलं. मग हवेतच कोणाचं तरी नाक चिमटीत धरल्यासारखं केलं आणि उजवी तर्जनी आपोआप जाऊन त्या खाचेत बसली. साठ वर्षांची सवय होती ती, विचार करून केलेली नव्हती. मला दुसरं कारण पटतं. पण शोभेचं कारणही हसण्यावारी नेऊ नका. आरशासमोर बसलेलं गिऱ्हाईक अवजाराकडेही बघत असतं.

हा वस्तरा चाचांना त्यांच्या उस्तादांनी दिला. उस्तादांकडे तो गोदीतल्या एका खलाशाकडून आला, अशी त्यांच्यातली कथा. दांडीवर सोलिंगेनचं नाव आहे आणि देशाचं नाव जर्मनी. आयात मालावर मूळ देशाचं नाव हवं असा कायदा ब्रिटननं 1887 मध्ये केला, तेव्हापासून अशा शिक्क्यांची चाल वाढली. म्हणजे वस्तरा बहुधा त्यानंतरचा.

गेल्या महिन्यात जुन्या वस्तू विकत घेणारा एक माणूस चाचांकडे आला. त्यानं वस्तरा बघितला आणि सांगितलं, याचा टवका उडालाय, कोणीतरी घासून गोल केलंय, भंगाराच्या भावात देतोस तर दे. चाचा गप्प बसले, वस्तरा दिला नाही. दुसऱ्या दिवशी माझी दाढी करता करता म्हणाले, ‘कर्नल साब, आपण हत्यारं ओळखता ना? माझ्या उस्तादांनी मला फुटका वस्तरा दिला होता का?’

पैशाचा प्रश्न नव्हता हो तो. उस्तादानं शागिर्दाला धोकटीतलं सर्वांत चांगलं अवजार दिलं, का टाकाऊ दिलं, हे त्यांना या वयात कळून घ्यायचं होतं. मी तो घरी आणला, भिंग घेतलं आणि बसलो.

तुटलेलं टोक पुन्हा घासून काढलेलं असेल तर ते लपत नाही. पहिली खूण, पातं मिटून बघा. मूळ पातं मुठीत शेवटपर्यंत भरून बसतं. टोक तुटून आखूड झालं असेल, तर मुठीच्या टोकाशी मोकळी जागा जास्त दिसते. चाचांच्या वस्तऱ्यात पातं मुठीत बेतानं भरलेलं होतं. दुसरी खूण, पात्यावर नाव किंवा नक्षी कोरलेली असेल तर ती मधोमध आहे का, का टोकाच्या बाजूला अर्धवट तुटलीय. या पात्यावर एक पुसट झालेली वेलबुट्टी आहे, दोन्हीकडे सारखी जागा सोडून. तिसरी खूण खाचेच्या आत. कारखान्यातून आलेल्या खाचेची आतली भिंत बाकीच्या पाठीसारखीच तुळतुळीत असते. मागाहून कानशीनं किंवा चाकावर काढलेली असेल तर आडवेतिडवे ओरखडे दिसतात. कोरड्या चाकावर घासलं असेल तर पोलाद तापून निळसर पडतं, आणि निळं पडलेलं पोलाद मऊ होतं. तिथं धार टिकत नाही. इथं ना ओरखडे, ना निळी झाक. शिवाय खाच दोन्ही बाजूंनी अगदी सारखी. फुटलेल्या टवक्याला एवढी शिस्त नसते.

एक गोष्ट मात्र माणसाच्या हातची होती. गोलसर टोक धारेला जिथं मिळतं, तिथं एक बारीक कोन शिल्लक असावा, आणि तो कोणीतरी दगडावर अगदी हलक्या हातानं मारलेला. भिंगाखालीच दिसतो. कारखान्यानं ठेवलेला, उस्तादानं काढलेला.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना हे सगळं सांगितलं. खाच मूळची आहे हे ऐकून त्यांनी मान हलवली. पण तो मारलेला कोन मी बोटानं दाखवला तेव्हा ते बराच वेळ तिथंच बघत राहिले. म्हणाले, मी बारा वर्षांचा होतो, माझा हात थरथरायचा. एवढंच. मग पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. तो खरेदीवाला पुन्हा आला होता. चाचांनी असा भाव सांगितला की तो चहा अर्धा टाकून गेला.

हिंदीत म्हण आहे, ‘बंदर के हाथ में उस्तरा’. आपण मराठीत माकडाच्या हाती कोलीत देतो, वस्तरा देत नाही. मला वाटतं आपल्याकडे वस्तरा कोणाच्या हाती द्यायचा याचा विचार जरा वेगळा झाला. प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला नाभिक समाजाचा. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ हे आपण शाळेत असल्यापासून म्हणतो. 1660 मध्ये पन्हाळ्याहून महाराज निसटले, तेव्हा त्यांच्या वेषात पालखीत बसून मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीदही त्याच समाजाचा. ज्याला गळ्याशी हात न्यायची मुभा आहे, त्याच्यावर किती विसंबलं जात होतं, ते यावरून दिसतं.

हे जुने वस्तरे घरांतून गेले ते मुख्यतः पहिल्या महायुद्धामुळे. खंदकात विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायचा तर दाढी चालत नाही, आणि खंदकात उघड्या पात्यानं दाढी करणं म्हणजे कसरत. जिलेटचा सुरक्षित रेझर तयारच होता, त्याचं पेटंट 1904 मधलं. 1918 मध्ये अमेरिकी सरकारनं आपल्या सैनिकांसाठी तसे 35 लाख रेझर घेतले. सैनिक ती सवय घरी घेऊन गेले. वस्तरा उरला न्हाव्याकडे.

माझ्या पलटणीत ऐंशीच्या दशकात न्हावी जुनाच वस्तरा वापरायचा, गोल टोकाचा. पलटणीचा न्हावी हाही शिपाईच, रायफल चालवायला शिकलेला. एका पट्ट्यावर वस्तरा घासायचा आणि सगळी कंपनी त्याच पात्याखालून जायची. तेव्हा कोणाला काही वाटत नसे. 1986 मध्ये भारतात एचआयव्हीची पहिली लागण चेन्नईत आढळली. त्यानंतरच्या वर्षांत रक्तातून पसरणाऱ्या रोगांची धास्ती खेडोपाडी पोहोचली, काविळीच्या काही प्रकारांचीही. आणि बघता बघता देशभरातल्या न्हाव्यांनी जुनं पातं बाजूला ठेवलं. त्याऐवजी ब्लेड अडकवायचा वस्तरा आला. दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धं आत सरकवायचं, दाढी झाली की फेकायचं. चांगलंच झालं. कोणी म्हणालं की जुन्या पात्याची मजा त्यात नाही, तर मी त्याच्याशी वाद घालत नाही. मजेसाठी कावीळ घेणारा माणूस मी पाहिलेला नाही.

पण टोकाचं काय झालं ते बघा. अर्ध्या ब्लेडची धार चार सेंटीमीटरच्याही आत भरते, आणि तिची दोन्ही टोकं कारखान्यातून येतात ती काटकोनात. गोल, फ्रेंच, कोपरा मारलेलं, सगळी निवड संपली. प्रत्येक न्हाव्याच्या हाती आता चौकोनी टोक, नवशिक्याच्यासुद्धा. खाचही गेली. काही चांगल्या प्रतीच्या धारकांत ब्लेडचे कोपरे झाकायला गोल तोंड केलेलं असतं, ते घ्यावं. स्वस्तातल्यांत ते नसतं, आणि रस्त्यावरच्या दुकानात स्वस्तातलंच असतं.

चाचा काय करतात सांगतो. गिऱ्हाइकासमोर ब्लेडचा कागद फाडतात, मुद्दाम त्याला दिसेल असा. ब्लेड मोडतात, बसवतात. आणि मग ब्लेडचा पुढचा कोपरा काचेच्या एका जुन्या बाटलीच्या बुडावर एकदाच, पुसटसा ओढतात. बाटली आधी साबणानं धुऊन, तुरटीच्या पाण्यात ठेवलेली असते. दुसऱ्यांदा ओढत नाहीत, धार जाईल. सगळं दोन सेकंदांचं काम. त्यांच्या नातवाला ते हेच शिकवतायत. नातू म्हणतो, आजोबा, युट्यूबवर कोणी असं करत नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचा वस्तरा ट्रंकेत पडून असेल, त्यांनी तो दाढीला वापरू नये, दुसऱ्या कोणाच्या तर नाहीच. पुसून, शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवून कोरडा ठेवा. गंज दिसला म्हणून धार लावणाऱ्याच्या चाकावर नेऊ नका, पोलाद निळं पडेल. मिटवताना बघा, मूठ वाकली असेल तर धार आतल्या बाजूला घासते. आणि टोक बघायचं असेल तर पाठीवरून बोट पुढे न्या, धारेवरून नाही. बोट खाचेत थांबलं, तर भिंग घेऊन बसा.